एकाच बाजूचं जहाज

तीन वर्षांपूर्वी मी एका जहाजाची प्रतिकृती करायला घेतली. पाण्यातलं जहाज नव्हे. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेतलं 'एंटरप्राइज' हे अवकाशयान. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची, तेव्हा आमच्या घरी कृष्णधवल संच होता. कोल्हापुरात शेजारची चार पोरं आमच्या सोप्यात बसून ते पांढुरकं यान काळ्या आकाशातून सरकताना बघत असत. पुढे एक तबकडी, तिच्याखाली मानेसारखा खांब, त्याला जोडलेलं सिगारच्या आकाराचं धड आणि धडातून वर निघालेल्या दोन लांब नळ्या. संवाद इंग्रजीत असल्यामुळे निम्मे डोक्यावरून जायचे. यान मात्र मनात राहिलं.

मी पेशाने ड्राफ्ट्समन. आकृती हाती लागल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही, ही सवय. म्हणून आधी मूळ वस्तूचे फोटो जमवले. ती वस्तू अजून शाबूत आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालयात ती ठेवलेली आहे. छापून आणलेले फोटो मी आबांसमोर पसरले. आबा म्हणजे माझे वडील. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी उभी हयात पॅटर्नमेकर म्हणून काढली. बिडाचा जो भाग ओतायचा असेल त्याचा आधी लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून काढून घेतला की उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओततात. त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात. पंपाची बॉडी असो की उसाच्या चरकाचा भाग, तो आधी आबांच्या हाताखालून लाकडात जायचा.

आबांनी फोटो एकेक करून पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "सगळे एकाच अंगाचे आहेत. डाव्या अंगाचा कुठाय?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

•

'स्टार ट्रेक'चे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी १९६४ साली यानाच्या रचनेचं काम मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाकडे दिलं. जेफरीज दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांवर होते, स्वतः वैमानिकही होते. त्यांचा विचार विमानाच्या माणसाचा होता. प्रकाशाहून वेगाने नेणारी इंजिनं असतील तर ती फार शक्तिशाली आणि धोकादायक असणार, म्हणून ती माणसांपासून लांब, बाहेर असावीत. दुरुस्ती आतून करता यायला हवी, म्हणजे बाहेरचं अंग गुळगुळीत ठेवता येईल. त्या काळच्या चित्रांतल्या अग्निबाणांवर दिसणारे पंख, नळकांडी आणि खिळे इथे नाहीत, त्याचं कारण हे. यानाचा क्रमांक एनसीसी-१७०१. त्यातलं 'एनसी' अमेरिकेतल्या खासगी विमानांच्या नोंदणीतून आलं. आकडे निवडताना लांबून एकमेकांसारखे भासणारे तीन, सहा, आठ, नऊ त्यांनी टाळले.

जेफरीजनी बाल्सा लाकडाचा एक छोटा नमुना केला. इंजिनांच्या जागी कठीण लाकडाच्या दांड्या होत्या. दोऱ्याने टांगल्यावर त्या जड भागाने नमुना उलटा झाला, आणि रॉडनबेरींना तो तसाच आवडला. यान सुलटं ठेवायला जेफरीजना त्यांची समजूत घालावी लागली. हा किस्सा मी आबांना सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. "वजनाचा अंदाज चुकला," एवढंच म्हणाले.

आता आकाराचं. कागदावरून वस्तू करण्याचं काम रिचर्ड डेटिन या मॉडेल बनवणाऱ्याकडे आलं. त्यांनी आधी ३३ इंचांचं लाकडी मॉडेल केलं. रॉडनबेरींनी ते मंजूर केल्यावर मोठं मॉडेल कॅलिफोर्नियात बरबँक इथल्या वॉल्मर जेन्सन यांच्या कारखान्यात तयार झालं. त्यावर डेटिन, मेल कीज आणि व्हर्न सायन यांनी काम केलं. जेन्सन स्वतः ग्लायडर आणि हलकी विमानं घडवणारे गृहस्थ. २९ डिसेंबर १९६४ रोजी मॉडेल चित्रीकरण करणाऱ्यांच्या हवाली झालं. लांबी ११ फूट २ इंच, तबकडीचा व्यास सुमारे ५ फूट, वजन सुमारे २०० पौंड. साहित्य पॉप्लरचं लाकूड, पत्र्याच्या नळ्या आणि साच्यावर ओढून बसवलेलं प्लास्टिक. म्हणजे अंतराळात धावणारं हे यान बऱ्याच अंशी सुतारकाम होतं.

संग्रहालयाच्या नोंदीत या कारागिरांची नावं आहेत. मी ती आबांना वाचून दाखवली. त्यांनी मला ती दुसऱ्यांदा वाचायला लावली.

•

पहिल्या नमुनाभागासाठी चित्रीकरण झालं तेव्हा मॉडेलमध्ये दिवे नव्हते. वाहिनीने तो भाग नाकारला, पण दुसरा नमुनाभाग करायची संधी दिली. त्या वेळी, १९६५ मध्ये, खिडक्यांना आतून उजेड देण्यात आला. १९६६ मध्ये मालिका सुरू होताना मॉडेल पुन्हा बदललं. वरचा घुमट ठेंगणा झाला, पुढची वाटी लहान झाली. इंजिनांच्या टोकांना अर्धपारदर्शक घुमट बसवून त्यांच्या आत नाताळच्या झाडाला लावतात तसले छोटे दिवे, आरशाचे तुकडे आणि मोटरवर फिरणारी पाती घालण्यात आली. पडद्यावर इंजिनाच्या पोटात जे तेज घुमताना दिसतं, ते एवढ्याशा सामानाचं.

दिवे आले म्हणजे तारा आल्या. त्या कुठून तरी आत न्यायलाच हव्यात. त्या डाव्या बाजूने नेल्या गेल्या. मग कॅमेरा उजव्याच बाजूला राहणार हे ठरूनच गेलं, आणि जी बाजू दिसणार नाही तिच्यावर वेळ आणि पैसा कोण खर्च करील? उजव्या अंगाला उजळलेल्या खिडक्या, अक्षरं, पट्टे. डाव्या अंगाला तारा आणि उघडं-वाघडं काम. यान दुसऱ्या दिशेने जाताना दाखवायचं असेल तेव्हा अक्षरं उलटी चिकटवून चित्रीकरण करायचं आणि फिल्म पालथी घालायची, ही युक्ती होती.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर हे. डाव्या अंगाचा फोटो सहसा कुणी काढलाच नाही, कारण काढण्यासारखं तिथे काही नव्हतं.

हे कळलं आणि माझं काम अडलं. मी मूळ मॉडेलच्या एक चतुर्थांश मापाची, म्हणजे साडेतेहतीस इंचांची प्रतिकृती करणार होतो. आता प्रश्न आला, प्रतिकृती कशाची? कथेतल्या यानाची लांबी ९४७ फूट सांगितलेली आहे. त्या यानाची प्रतिकृती करायची, तर दोन्ही अंगं सारखी हवीत, कारण कथेतल्या यानाला डावीकडेही माणसं राहतात, त्यांनाही खिडक्या लागतात. पण ते यान कधी अस्तित्वातच नव्हतं. अस्तित्वात होती ती ११ फुटांची, एका अंगाने सजलेली वस्तू. तिची प्रामाणिक प्रतिकृती करायची, तर डावं अंग तसंच बोडकं ठेवायला हवं. म्हणजे खऱ्या वस्तूशी इमान राखलं की यान अपुरं राहतं, आणि यान पुरं केलं की वस्तू खोटी ठरते.

•

नक्कल आणि अस्सल यांची ही गुंतागुंत माझ्यापाशी सुरू झाली नव्हती. मालिका चालू असतानाच, १९६६ मध्ये, एएमटी या अमेरिकन कंपनीने 'एंटरप्राइज'चा प्लास्टिकचा जोडसंच बाजारात आणला. सुटे भाग, डिंक आणि चिकटवायची अक्षरं, असा मुलांचा खेळ. पुढच्या वर्षी 'द डूम्सडे मशीन' या भागासाठी त्याच जातीचं, पण मोडकळलेलं दुसरं यान हवं होतं. नवं मॉडेल घडवायला सवड आणि पैसा नव्हता. मग दुकानात मिळणारा हाच संच आणून तो ठोकून, भाजून विद्रूप केला. संचातली अक्षरं १७०१ अशी होती. त्यांचा क्रम बदलून १०१७ केला आणि यानाचं नाव ठेवलं 'कॉन्स्टेलेशन'. नकलेने अस्सलाच्या शेजारी उभं राहून पडद्यावर काम केलं. आज कुणी 'कॉन्स्टेलेशन'ची प्रतिकृती करायची म्हटली तर त्याने काय करावं? त्याच संचाचे भाग जोडावेत आणि भाजावेत. ती नक्कल नक्कीच अस्सल होईल.

आणखी एक उदाहरण. नासाच्या पहिल्या स्पेस शटलला आधी 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव द्यायचं ठरलं होतं. मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या काळात ते 'एंटरप्राइज' झालं. १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते लोकांसमोर आणलं गेलं, तेव्हा मालिकेतले नट तिथे हजर होते. या शटलने १९७७ मध्ये वातावरणात उतरण्याच्या चाचण्या दिल्या. अवकाशात मात्र ते कधीच गेलं नाही. लाकडी 'एंटरप्राइज'ने पडद्यावर आकाशगंगा पालथी घातली आणि धातूचं 'एंटरप्राइज' पृथ्वीवरच राहिलं.

आबांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी कपाटातून आपली जुनी मोजपट्टी काढली. दिसायला साधी फूटपट्टी. माझी पोलादी पट्टी तिच्या शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की आबांची फूटपट्टी फुटामागे जवळपास आठवा हिस्सा इंचाने मोठी आहे. वितळलेलं बीड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी मापच वाढवलेली पट्टी वापरतात. "पॅटर्न बरोबर मापाचा केलास, की माल चुकला," आबा म्हणाले. "पॅटर्न हा मालासाठी असतो. ह्यांचा माल काय, तर पिक्चर. पिक्चर बरोबर आलं न्हवं? मग पॅटर्न बरोबर."

डेटिन आणि त्यांच्या सोबत्यांच्या कामाबद्दल मी वाचलेल्या कशातही इतकं नेमकं विधान मला सापडलं नाही. डाव्या अंगाचा बोडकेपणा म्हणजे आळस नव्हता. तो त्या धंद्याचा हिशेब होता.

•

७९ भागांनंतर १९६९ मध्ये मालिका बंद झाली. पॅरामाउंट स्टुडिओने १९७४ मध्ये मॉडेल स्मिथसोनियनला दिलं. तेव्हा पुढची वाटी आणि इंजिनांच्या टोकांचे घुमट हरवलेले होते. त्या जागी नवे भाग करून बसवले. १९८४ मध्ये पुन्हा डागडुजी झाली. १९९१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तीत तबकडीचा वरचा भाग सोडून जवळपास सगळं मॉडेल नव्याने रंगवलं गेलं. पत्र्याच्या सांध्यांसारख्या रेषा आणि मळकटपणा त्यात इतका ठळक झाला की अनेक जाणकारांनी नाराजी दाखवली. पडद्यावर तर ते गुळगुळीत, फिकट करडं दिसत होतं! नंतरची काही वर्षं हे मॉडेल संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या विक्री दुकानात काचेच्या पेटीत होतं.

२०१४ मध्ये ते तिथून हलवून संवर्धन विभागात नेलं. या वेळी पद्धत वेगळी होती. जीर्णोद्धाराचा पहिला प्रश्न 'कसं' हा नसतो, 'कोणत्या दिवसाचं' हा असतो. आपल्याकडे जुन्या वाड्याची वा देवळाची दुरुस्ती करताना हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. वर ऑइलपेंट फासला की झालं. स्मिथसोनियनने तो विचारला आणि उत्तर ठरवलं, ऑगस्ट १९६७. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' या भागाच्या वेळचं रूप. मालिकेच्या काळात मॉडेलमध्ये शेवटचा बदल तेव्हा झाला होता. हा भाग प्रक्षेपित झाला २९ डिसेंबर १९६७ रोजी, म्हणजे मॉडेल हवाली झाल्याला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी.

दिवस ठरल्यावर पुरावे. २०१५ मध्ये संग्रहालयाने लोकांना आवाहन केलं की मॉडेलचे जुने फोटो कुणापाशी असतील तर द्यावेत. क्ष-किरणांनी आतली रचना पाहिली. ठिकठिकाणी रंगाचे थर एकेक करून घासले आणि झाडाच्या खोडातली वर्तुळं वाचावीत तसे ते वाचले. पडद्यावरच्या रंगावर विसंबता येत नव्हतं, कारण चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर झालं होतं आणि त्या निळ्याची झाक मॉडेलवर पडायची. लोक या यानाला कुणी पांढरं म्हणतात, कुणी निळसर, कुणी हिरवट. आमच्या सोप्यातल्या संचावर ते पांढरं होतं, हाही एक पुरावाच, फक्त कोल्हापूरचा. थरांखाली मिळाला तो करडा, किंचित हिरवट झाक असलेला.

तबकडीच्या वरच्या अंगाला मात्र कुणी हात लावला नाही. आधीच्या प्रत्येक दुरुस्तीतून तेवढाच भाग वाचला होता. तिथला रंग साठच्या दशकातला आहे, आणि त्या रंगावर मालिकेच्या काळात शिसपेन्सिलीने ओढलेल्या बारीक रेषा आहेत. दोन वर्षांच्या कामानंतर, २०१६ च्या उन्हाळ्यात, मॉडेल संग्रहालयाच्या मुख्य दालनात आलं. लिंडबर्गचं विमान आणि चंद्रावर जाऊन आलेल्या मोहिमांच्या खुणा ज्या दालनात मांडतात, तिथे कधीही न उडालेल्या लाकडी जहाजाला जागा मिळाली.

डेटिन यांच्या ३३ इंची मॉडेलचं नशीब वेगळं निघालं. ते रॉडनबेरींच्या टेबलावर असे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटाच्या वेळी त्यांनी ते उसनं दिलं आणि ते परत आलं नाही. चाळीसहून अधिक वर्षांनी, २०२३ मध्ये, इंटरनेटवरच्या एका लिलावात ते अचानक दिसलं. मागितलेली किंमत होती हजार डॉलर. जाणकारांनी ओळखलं, तज्ज्ञांनी लाकडाचा पोत, जुने फोटो जुळवून खात्री केली आणि एप्रिल २०२४ मध्ये ते रॉडनबेरींच्या मुलाकडे परत गेलं. ओळखणाऱ्यांत प्रतिकृती करणारे हौशी लोक होते. एखाद्या वस्तूची नक्कल करण्यासाठी जो वर्षानुवर्षं तिचा इंच न् इंच मोजतो, त्याला अस्सल वस्तू फोटोतूनही ओळखू येते. नकलेचा हा उपयोग इतिहासकारांनी लक्षात घ्यावा असा आहे.

•

ही बातमी मी आबांना वाचून दाखवली त्या संध्याकाळी ते बराच वेळ गप्प होते. ते जिथे काम करत ती फाउंड्री बंद पडली तेव्हा माळ्यावर रचलेले पॅटर्न जळणाच्या भावाने गेले. सागवानाचे, पॉलिश केलेले, काहींवर नुसता जॉब नंबर. करणाऱ्याचं नाव पॅटर्नवर घालायची पद्धतच नव्हती. त्या पॅटर्नवरून ओतलेले पंप आजही कुठल्या तरी विहिरीवर चालत असतील. पण आबांच्या हातची वस्तू आमच्या घरात एकही नाही, ही मोजपट्टी सोडली तर. मी हे याआधी कधी नीट मनावर घेतलं नव्हतं. चार अमेरिकन कारागिरांची नावं दुसऱ्यांदा वाचायला त्यांनी का लावली, ते मला तेव्हा समजलं.

मग काम वेगळ्या रीतीने झालं. तबकडीचं लाकूड आबांनी निवडलं. पंधरा इंचांचा व्यास, म्हणून एका फळीत न करता पाचरी जोडून, रेषा आळीपाळीने फिरवून. म्हणजे हवा बदलली तरी ती वाकणार नाही. लेथवर फिरवायला आम्ही त्यांच्या एका जुन्या शागिर्दाकडे गेलो. छिन्नी त्याने धरली, पण प्रत्येक वळसा आबा बोटाने चाचपून बघत होते. त्यांचे डोळे आता साथ देत नाहीत, बोटं देतात. एका ठिकाणी ते म्हणाले, "हितं पोट आलंय." मी कॅलिपर लावला. पाव मिलिमीटर.

इंजिनांच्या नळ्या मी पीव्हीसी पाइपच्या केल्या, दिवे एलईडीचे बसवले. करड्या रंगाच्या सात पट्ट्या करून खिडकीतल्या उजेडात वाळवल्या आणि त्यांतली चौथी घेतली. आणि डावं अंग? तारा मी डावीकडून नेल्या आणि ते अंग तसंच सोडलं. मीही संग्रहालयासारखाच ऑगस्ट १९६७ निवडला, आणि कथेतल्या खलाशांपेक्षा बरबँकच्या कारागिरांशी इमान राखायचं ठरवलं. घरी येणारे लोक यान फिरवून बघतात आणि विचारतात, "हे पुरं कधी करणार?" हे पुरं झालेलं आहे असं सांगितलं की त्यांना ते माझं आळसाचं निमित्त वाटतं. मग मला हा सगळा इतिहास सांगावा लागतो. डावं अंग रंगवलं असतं तर कुणी काही विचारलंच नसतं.

शेवटचं काम तबकडीवरच्या पेन्सिलीच्या रेषांचं. केंद्रापासून कडेपर्यंत आणि गोलाकार, इतक्या हलक्या की प्रकाश तिरका पडल्यावरच दिसाव्यात. मी पट्टी आणि पेन्सिल आबांच्या हातात दिली. त्यांनी पेन्सिल पॅटर्नमेकरच्या सवयीने छिन्नीसारखी चपटी तासून घेतली आणि दोन दिवसांत सगळ्या रेषा ओढल्या. दोन रेषा किंचित जाड आल्या आहेत. त्या खोडायच्या का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

त्या रेषांवर मी वॉर्निश मारलेलं नाही. तबकडीच्या खालच्या अंगाला, जिथे कुणी बघत नाही तिथे, आबांचं पूर्ण नाव आणि तारीख लिहिलेली आहे.